भर समुद्रात तेल भरून देणारी जहाजं आणि त्यांवरची कोवळी पोरं

पॅसिफिक महासागराचा नकाशा समोर घ्या आणि सॅन फ्रान्सिस्कोवर बोट ठेवा. तिथून पर्ल हार्बर सुमारे 2,100 सागरी मैल. पर्ल हार्बरहून पश्चिमेला उलिथी नावाचं प्रवाळबेट आणखी साडेतीन हजार मैलांच्या पुढे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचं आरमार तिथवर पोचलं, तेव्हाही टोकियो सुमारे 1,500 सागरी मैल लांबच होतं.

एवढं अंतर कापायला इंधन किती लागेल? त्या काळच्या फ्लेचर वर्गातल्या विनाशिका 15 नॉटच्या, म्हणजे ताशी 15 सागरी मैलांच्या, बेताच्या वेगाने गेल्या, तर भरलेल्या टाक्यांवर साधारण 6,500 सागरी मैल जायच्या. ऐकायला भरपूर वाटतं. पण विमानवाहू नौकेच्या सोबत राहायचं म्हणजे 25-30 नॉटने पळावं लागतं, आणि तिथे हिशेब बिघडतो. जहाजाचा वेग दुप्पट करायचा, तर इंजिनाला ढोबळमानाने आठपट ताकद लावावी लागते. अंतर निम्म्या वेळात संपतं हे धरूनही मैलामागे तेल चौपट जळतं. म्हणजे कागदावरचे 6,500 मैल लढाईच्या धावपळीत दीड-दोन हजारांवर येतात. त्यात परतीची वाटही आलीच.

मग दर चार दिवसांनी बंदर गाठायचं का? बंदरं नव्हतीच. होती ती जपानच्या ताब्यात. त्यामुळे तेलानेच आरमारामागे जायचं, हा एकच मार्ग उरला. हे काम करणाऱ्या जहाजांना अमेरिकेच्या नौदलात फ्लीट ऑइलर म्हणत. अशा जहाजावरच्या सतरा-अठरा वर्षांच्या खलाशाच्या वाट्याला नेमकं काय यायचं, ते या लेखात समजून घेऊ. मला हा विषय फार जवळचा वाटतो, कारण युद्धाच्या गोष्टींत या मुलांना बहुतेक वेळा एका ओळीत उरकलं जातं.

आधी जहाज पाहू. सिमॅरॉन वर्गातलं ऑइलर 553 फूट लांब असायचं, वेग 18 नॉट, आणि पोटात सुमारे 1,46,000 पिंपं तेल. म्हणजे 2 कोटी 30 लाख लिटरच्या वर. आपल्याकडे पेट्रोलपंपावर 20 हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे साडेअकराशे टँकर एका जहाजात. त्यात बहुतेक साठा युद्धनौकांच्या बॉयलरला लागणाऱ्या जाड, काळ्या तेलाचा. काही टाक्यांत डिझेल, आणि काहींत विमानांचं पेट्रोल. या शेवटच्या मालाकडे पुढे परत यावं लागणार आहे.

अशा जहाजावर तीनशेच्या आसपास माणसं असत. आईवडिलांची सही असली, तर सतराव्या वर्षी भरती होता यायचं. काही आठवड्यांचं प्रशिक्षण झालं की शेतावरून किंवा शाळेतून आलेला पोरगा थेट जहाजावर. तिथे त्याला सेकंड क्लास सीमन म्हणत. पगार महिना 54 डॉलर, परदेशी पाण्यात गेलं की त्यावर वीस टक्के जादा.

रोजचं काम म्हणजे गंज खरवडणं, रंग लावणं, डेक धुणं, दोरखंड नीट गुंडाळून ठेवणं आणि पहारा. पहारा साधारणपणे चार तासांचा, मग आठ तास मोकळे. हे मोकळे तास नावालाच, कारण गंज काही पहाऱ्याचं वेळापत्रक बघून चढत नाही. पहाटे आणि संध्याकाळी उजेड बदलण्याच्या वेळी सगळे आपापल्या तोफेपाशी उभे राहत, कारण पाणबुडी आणि विमान याच वेळी गाठतात. झोपायला एकावर एक टांगलेल्या खाटा. गोडं पाणी मोजून मिळायचं, आणि त्यातलं बरंचसं बॉयलर प्यायचे. विषुववृत्ताजवळ लोखंडी डेक दुपारी पाय ठेवू देत नसे. बॉयलरखोलीत काम करणाऱ्यांची तर बातच वेगळी.

पण या जहाजाचं खरं काम सुरू व्हायचं ते क्षितिजावर आरमार दिसल्यावर.

भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात तेल भरायचं, तर दोन्ही जहाजं थांबवावीत असं कुणालाही वाटेल. थांबलेलं जहाज पाणबुडीला आयतं सापडतं. शिवाय थांबलेली दोन जहाजं लाटांवर वेगवेगळी हेलकावतात आणि एकमेकांवर आदळतात. चालत्या जहाजाचं सुकाणू काम करतं, थांबलेल्याचं करत नाही. म्हणून तेल चालता चालता भरायचं. अमेरिकेच्या नौदलाने हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केलं ते मे 1917 मध्ये, अटलांटिकमध्ये. आयर्लंडकडे निघालेल्या विनाशिकांना मॉमी या जहाजाने वाटेत तेल दिलं. मॉमीवर तेव्हा चेस्टर निमिट्झ नावाचा अधिकारी होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकचं अख्खं आरमार त्याच्याच हाताखाली आलं. लांबच्या समुद्रात होजपाईपची किंमत काय असते, हे सरसेनापतीला स्वतःच्या हातांनी कळलेलं होतं.

आता ते कसं करायचे ते बघा. ऑइलर एक दिशा आणि एक वेग धरून सरळ चालतं, समजा 12 नॉट. तेल घेणारी विनाशिका मागून येते, शेजारी येते आणि वेग जुळवते. दोघांमध्ये अंतर राहतं 60 ते 80 फूट, म्हणजे फार तर पंचवीस मीटर. एका जहाजावरून दुसऱ्यावर बारीक दोरी फेकतात. तिच्या टोकाला वजन बांधलेलं असतं. डेकवरच्या पोराने ती झेलायची. तिच्यामागे जाड दोर ओढून घ्यायचा, त्यामागे आणखी जाड, आणि शेवटी सहा इंची होज. तेलाने भरलेला होज माणसांना पेलत नाही. तो उंच डोलकाठ्यांवरून लोंबकळत ठेवतात आणि विंचवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर, बसलेला खलाशी जहाज डोललं की दोर सैल करतो, परत आलं की ओढून घेतो. ढिलाई झाली तर होज पाण्यात, ओढ जास्त झाली तर होज फाटून काळं तेल सगळ्यांच्या अंगावर.

यात कठीण गोष्ट दोर नसून पाणी आहे. दोन मोठी जहाजं शेजारी धावताना त्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून पाण्याला जोरात निघून जावं लागतं. वाहत्या पाण्याचा वेग वाढला की त्याचा दाब कमी होतो. बाहेरच्या बाजूचा दाब तसाच राहतो आणि जहाजांना मध्यावर एकमेकांकडे ढकलतो. जहाजांच्या पुढच्या टोकाशी मात्र उलट घडतं. तिथे पाणी साचून दाब वाढतो आणि टोकं एकमेकांपासून दूर रेटली जातात. म्हणजे एकाच वेळी पोट आत ओढलं जातंय आणि तोंड बाहेर फिरतंय. सुकाणूवरच्या खलाशाला हे सतत सावरावं लागतं. त्याच्या हातून एक अंशाची चूक झाली, तरी 12 नॉटच्या वेगाला जहाज मिनिटाला साडेसहा मीटर बाजूला सरकतं. पंचवीस मीटर संपायला चार मिनिटंसुद्धा पुरे. आणि हे तास-दोन तास चालायचं, एका जहाजामागून दुसरं, बऱ्याचदा दोन्ही बाजूंना एकदमच.

तेल वाहतंय तोवर डोलकाठीवर लाल निशाण असायचं आणि विडी-सिगारेट पूर्ण बंद. होजपाशी एक जण कुऱ्हाड घेऊन उभा. पाणबुडी दिसल्याची हाक आली किंवा जहाजं फारच जवळ आली, तर वाट बघत बसायचं नाही. दोर तोडायचे आणि वेगळं व्हायचं.

तेलाबरोबर दोरावरून इतरही सामान जायचं. बदली वैमानिक, सुटे भाग, आणि टपालाच्या गोण्या. तेल देणाऱ्या जहाजाची वाट तेलापेक्षा टपालासाठी जास्त पाहिली जात असेल, तर त्यात मला नवल वाटत नाही. महिनोन्‌महिने घरचं अक्षर न पाहिलेल्या माणसाला ती गोणी म्हणजे सगळंच असणार.

आता धोक्याकडे वळू. त्यासाठी नियोशो या एकाच जहाजाची हकीकत नीट सांगतो, कारण तिच्यात या नोकरीचं सगळं सार आहे.

7 डिसेंबर 1941 च्या सकाळी, पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा, नियोशो तिथेच होतं. फोर्ड बेटाच्या धक्क्याला, युद्धनौकांच्या रांगेत, कॅलिफोर्निया आणि ओक्लाहोमा यांच्या मधे. फोर्ड बेटावर विमानांचं पेट्रोल उतरवण्याचं काम नुकतंच झालं होतं. तिथे त्याला आग लागली असती, तर शेजारच्या नौकाही गेल्या असत्या. कप्तान जॉन फिलिप्स यांनी बॉम्ब पडत असतानाच जहाज धक्क्यापासून सोडवून मागे काढलं आणि सुरक्षित जागी नेलं. त्यासाठी त्यांना नेव्ही क्रॉस मिळाला.

पाच महिन्यांनी हेच जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, कोरल समुद्रात होतं. 6 मे 1942 ला त्याने यॉर्कटाउन या विमानवाहू नौकेला आणि अस्टोरिया या क्रूझरला तेल दिलं आणि सिम्स या एकाच विनाशिकेच्या सोबतीने दक्षिणेला निघालं, लढाईपासून दूर. दुसऱ्या दिवशी सकाळी एका जपानी टेहळणी विमानाला ही दोन जहाजं दिसली. लांबलचक, सपाट डेक पाहून त्याने कळवलं की विमानवाहू नौका आणि क्रूझर सापडल्या. शोकाकू आणि झुइकाकू या जपानी विमानवाहू नौकांवरून 78 विमानं सुटली. चूक लक्षात आल्यावर टॉर्पेडो टाकणारी विमानं परतली, पण बॉम्बफेकी विमानांनी जाताजाता या दोघांना गाठलंच.

सिम्स काही मिनिटांत बुडालं. त्यातले फक्त 14 जण शेवटी वाचले. नियोशोवर सात बॉम्ब बसले आणि एक विमान पेटलेल्या स्थितीत डेकवर येऊन कोसळलं.

बॉयलरखोलीचे मुरब्बी नाविक ऑस्कर पीटरसन तेव्हा दुरुस्तीच्या तुकडीचे प्रमुख होते. स्फोटात तुकडीतले सगळे जखमी झाले, ते स्वतःही. खाली वाफेच्या नळ्या फुटल्या तर बॉयलरखोलीतला एकही माणूस जिवंत राहत नाही. त्या वाफेतून जाऊन त्यांनी मुख्य झडपा हातांनी बंद केल्या. त्यात ते फार भाजले आणि 13 मे ला गेले. त्यांना मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर देण्यात आलं. पोरं घडवायची ती अशा माणसांनी.

वरच्या डेकवर मात्र काहीतरी भलतंच चाललं होतं. कप्तानाने हुकूम दिला, जहाज सोडण्याची तयारी ठेवा. धूर, आग, किंकाळ्या. त्यात अनेकांच्या कानावर पडलं ते ‘जहाज सोडा’ एवढंच. बऱ्याच जणांनी उड्या टाकल्या. काही बुडाले, काहींना होड्यांनी परत आणलं, आणि 68 जण तराफ्यांवर वाहत दूर गेले. वाईट याचं वाटतं की जहाज बुडालंच नाही. यॉर्कटाउनला तेल दिल्यामुळे काही टाक्या रिकाम्या होत्या, आणि टाक्यांची सगळी रचनाच वेगवेगळ्या बंद कप्प्यांची. पाणी एका कप्प्यात शिरलं तरी शेजारचा तग धरतो. नियोशो एका बाजूला कलून, इंजिन बंद, चार दिवस तसंच तरंगत राहिलं.

त्यावर आणखी एक चूक. जहाजाची जागा काढताना हिशेब चुकला आणि मदतीचा संदेश चुकीच्या जागेसह गेला. शोधणारे तिथे गेले, समुद्र रिकामा. 11 मे ला हेन्ले या विनाशिकेला ते सापडलं आणि 123 जणांना तिने उचललं. मग हेन्लेनेच ते पोखरलेलं जहाज बुडवलं. तराफ्यांवरच्या 68 जणांपैकी हेल्म या विनाशिकेला आणखी काही दिवसांनी चार जण जिवंत मिळाले. त्यातलेही सगळे जगले नाहीत. हल्ल्यात वाचलेली ही मुलं तहानेने आणि उन्हाने गेली, एका अर्धवट ऐकलेल्या हुकुमापायी आणि एका चुकलेल्या आकड्यापायी. मला या हकिकतीतला हा भाग सगळ्यात जड जातो.

आणि तरीही त्या सकाळी या दोन जहाजांमुळे काय झालं तेही पाहायला हवं. जपानच्या दोन मोठ्या विमानवाहू नौकांचा पूर्ण हल्ला एका तेलवाहू जहाजावर खर्ची पडला. त्याच दिवशी अमेरिकी विमानांनी जपानची शोहो ही विमानवाहू नौका बुडवली.

आता विमानांच्या पेट्रोलबद्दल. एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. द्रवरूप तेल स्वतः पेटत नाही, पेटते ती त्याची हवेत मिसळलेली वाफ. काळ्या तेलाची वाफ व्हायला चांगली उष्णता लागते. त्यात जळती काडी टाकली तरी बहुधा विझते. विमानाच्या पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही होते. त्यामुळे पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी झालेली, आत वाफ कोंडलेली टाकी जास्त घातकी. खलाशांना हे पहिल्या दिवसापासून बजावत.

20 नोव्हेंबर 1944 ला उलिथीच्या शांत खाजणात मिसिसिनेवा हे ऑइलर नांगरून उभं होतं. सेवेत येऊन फक्त सहा महिने झालेले. पोटात 90,000 पिंपं काळं तेल, 9,000 पिंपं डिझेल आणि 4,04,000 गॅलन विमानाचं पेट्रोल. पहाटे जपानच्या पाणबुडीने सोडलेला कायतेन, म्हणजे माणूस आत बसून चालवायचा टॉर्पेडो, त्यावर येऊन आदळला. कायतेनने बुडवलेलं हे पहिलं जहाज. पेट्रोल पेटलं, मग पाण्यावर पसरलेलं तेलही. सांता फे या क्रूझरच्या समुद्रविमानाने त्या आगीच्या कडेकडेने पाण्यावरून फिरत, मागे दोर सोडून खलाशांना ओढून बाहेर काढलं. 63 जण गेले. उरलेलं तेल बुडालेल्या जहाजात राहिलं आणि 2001 मध्ये वादळानंतर गळायला लागलं. उलिथीच्या लोकांना मासेमारी सोडावी लागली. शेवटी 2003 मध्ये अमेरिकेच्या नौदलाने तिथून सुमारे 18 लाख गॅलन तेल उपसलं.

दारूगोळा नेणाऱ्या जहाजांवर तर आगीत पळायलाही वेळ मिळत नसे. 10 नोव्हेंबर 1944 ला न्यू गिनीच्या उत्तरेकडच्या मानूस बेटापाशी माउंट हूड हे जहाज 3,800 टन दारूगोळ्यासह फुटलं. जहाजावर असलेला एकही माणूस वाचला नाही. वाचले ते कामानिमित्त किनाऱ्यावर गेलेले मोजके. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी 14 एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन फुटलं. कापसाच्या गासड्या आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं एकाच जहाजात, आणि आग लागली ती कापसाला. अग्निशमन दलाचे 66 जवान त्यात गेले. देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो त्यांच्यासाठी.

कोकणातल्या घरांना तर ही नोकरी नवीन नव्हतीच. रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांकडचे खलाशी ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या इंजिनखोलीत आणि डेकवर होते, गोव्याचे बरेचसे भटारखान्यात आणि जेवणघरात. युद्धाचं सामान याच जहाजांनी वाहिलं. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सहा हजारांच्या आसपास भारतीय खलाशांची नावं एका स्मरणग्रंथात नोंदलेली आहेत आणि तो ग्रंथ मुंबईतल्या खलाशांच्या निवासगृहात ठेवलेला आहे. माझ्या मते आपल्या शाळांच्या पुस्तकात या माणसांना एक पान तरी मिळायला हवं.

तेल वेळेवर पोचलं नाही तर काय होतं, हे 18 डिसेंबर 1944 च्या वादळाने दाखवलं. आदल्या दिवशी फिलिपिन्सच्या पूर्वेला आरमार तेल भरायला जमलं होतं. समुद्र खवळला, होज फाटायला लागले, काम सोडावं लागलं. स्पेन्स या विनाशिकेच्या टाक्या तळाला गेल्या होत्या. टाकीतलं तेल जहाजाच्या तळाशी असतं आणि वजनाने त्याला सरळ ठेवतं. ते संपलं की जहाज वरजड होतं. अशा वेळी टाक्यांत समुद्राचं पाणी भरायचं असतं, पण ते भरलं तर तेल घेण्याआधी पुन्हा उपसावं लागतं. तेल आत्ता मिळेल, थोड्या वेळाने मिळेल, या आशेवर थांबलं तर पाणी भरायला उशीर होतो. स्पेन्स उलटलं. हल आणि मोनॅगन याही विनाशिका त्याच वादळात बुडाल्या. एकूण सुमारे 790 माणसं गेली.

या जहाजांबद्दलची आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अमेरिकेच्या नौदलात कृष्णवर्णीय तरुणांना तोवर बहुतेक स्वयंपाकघरातली आणि अधिकाऱ्यांच्या सेवेची कामंच देत. ऑगस्ट 1944 मध्ये त्यांना खलाशी म्हणून गोऱ्यांच्या बरोबरीने काम द्यायचा प्रयोग ठरला, आणि तो झाला 25 सहाय्यक जहाजांवर. तिथेही त्यांची संख्या एक दशांशाच्या वर जाऊ नये अशी अट. प्रयोग नीट चालला आणि पुढच्या वर्षी सगळी सहाय्यक जहाजं त्यांना खुली झाली. तोफांच्या नौकांआधी सामानाच्या जहाजांनी हे केलं, याचं मोल मला मोठं वाटतं.

1945 उजाडेपर्यंत तेलाबरोबर दारूगोळा आणि धान्यही भर समुद्रात द्यायची घडी बसली होती. ओकिनावाच्या मोहिमेत विमानवाहू नौकांचा ताफा मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत, जवळजवळ तीन महिने, समुद्रातच राहिला. काही दिवस लढाई, मग मागे सरून एका ठरलेल्या जागी ऑइलरांच्या रांगेपाशी, आणि परत लढाई. जपानच्या आरमाराला तोवर तेलाअभावी बंदरातच बसून राहावं लागत होतं.

हीच पद्धत, नव्या दोरांनी आणि पंपांनी, आज सगळी मोठी नौदलं वापरतात. आपल्याकडे ज्योती, आदित्य, दीपक आणि शक्ती ही जहाजं हे काम करतात. आणखी पाच, प्रत्येकी 44,000 टनांची, विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये बांधायला घेतली आहेत. ऑगस्ट 2023 च्या करारानुसार त्यातलं पहिलं 2027 मध्ये नौदलाला मिळायचं आहे.